फॅट, एसएनएफ आणि एच-इंडेक्स

सकाळी डेअरीवर दूध घातलं की मशिनमधून चिठ्ठी निघते. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट आणि पाणी सोडून उरलेला घन भाग), दर, रक्कम. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ लागली की ठरलेला दर, त्याखाली घसरलं की कपात. चिठ्ठी खोटं बोलत नाही. पण एका गाईच्या मागच्या उजव्या सडात कालपासून दगडी, म्हणजे कासेची सूज, धरू लागली आहे, हे चिठ्ठीवर उमटत नाही. चार गाईंचं दूध एकाच कॅनमध्ये, मग उमटणार कसं?

संशोधकाच्या नावापुढचे आकडे वाचताना मला ही चिठ्ठी आठवते. गूगल स्कॉलरवर, म्हणजे शोधनिबंध शोधण्याच्या गूगलच्या साइटवर, कुणाचंही पान उघडा. उजवीकडे तीन ओळी दिसतात: एकूण सायटेशन, एच-इंडेक्स, आय-१० इंडेक्स. पीएचडीला गाईड शोधणारा विद्यार्थी ते पाहतो, नेमणूक समिती पाहते, बातमीदार तर ‘जगातल्या आघाडीच्या शास्त्रज्ञांत समावेश’ असा मथळा त्यावरच देऊन मोकळा होतो. आकडे खरे असतात, पण ते कशाचे आहेत हे फारसं कुणी विचारत नाही.

उदाहरणाला मी मुद्दाम आडवळणाचा विषय घेतो आहे: जनावरांच्या आरोग्यासाठी केलेलं प्रोटिऑमिक्स. हा विषय दोन गावांच्या शिवेवर आहे. एका बाजूला प्रोटिऑमिक्स, म्हणजे पेशीतल्या, रक्तातल्या, दुधातल्या सगळ्या प्रथिनांची एकगठ्ठा मोजदाद. महागडी यंत्रं, मोठी गर्दी. दुसऱ्या बाजूला पशुवैद्यक: गोठा, शेण, लसीचा डबा आणि संशोधकांची मोजकी संख्या. शिवेवर उभ्या असलेल्या माणसाची उंची कोणत्या गावातून पाहता त्यावर ठरते.

आधी सायटेशन म्हणजे काय ते पाहू. शोधनिबंध, म्हणजे सगळे ज्याला पेपर म्हणतात तो लिहिताना, आपल्याआधी कुणी काय केलं ते सांगावं लागतं आणि शेवटी त्याची यादी द्यावी लागते. त्या यादीत तुमच्या पेपरचं नाव आलं की तुमच्या खात्यावर एक सायटेशन जमा. लिहिणाऱ्याने तुमचं कौतुक केलेलं असो, ‘यांचे निष्कर्ष आम्हाला आढळले नाहीत’ असं म्हटलेलं असो, की आणखी पाच नावांबरोबर तुमचं नाव उगाच घातलेलं असो, जमा एकच.

ही नोंदवही पद्धतशीर ठेवायला सुरुवात केली अमेरिकेतल्या युजीन गारफिल्ड यांनी. त्यांचा ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ १९६४ मध्ये बाजारात आला. कल्पना त्यांना वकिलांच्या एका सूचीवरून सुचली होती. जुन्या खटल्याचा दाखला नंतरच्या कोणत्या निकालात दिला गेला हे त्या सूचीत सापडायचं. म्हणजे मुळात हे साधन माग काढण्याचं होतं: हा पेपर वाचला, आता यावर पुढे कुणी काम केलं? माणसांना मार्क देण्यासाठी ते वापरायचं हे नंतरचं खूळ.

२००५ मध्ये कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ होर्खे हिर्श यांनी एच-इंडेक्स काढला. नुसती पेपरची संख्या घेतली तर पाट्या टाकणारे पुढे जातात. नुसती एकूण सायटेशन घेतली तर एका गाजलेल्या पेपरवर आयुष्यभर बसून खाता येतं. दोन्हींवर तोडगा म्हणून त्यांनी सोपी युक्ती सांगितली. आपले सगळे पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि वरून मोजत यायचं. समजा एकीचे आठ पेपर आहेत आणि त्यांना मिळालेली सायटेशन अशी: ९०, ४०, २२, ९, ६, ५, २, ०. पाचव्या पेपरला ६ आहेत, म्हणजे पाच किंवा जास्त, चाललं. सहाव्याला ५ आहेत, सहा हवी होती, थांबा. एच-इंडेक्स ५. किमान दहा सायटेशन मिळालेले पेपर तीन, म्हणून आय-१० इंडेक्स ३. एकूण १७४.

आता गंमत पाहा. पहिल्या पेपरची ९० सायटेशन उद्या ९ हजार झाली, तरी तिचा एच-इंडेक्स पाचच राहील. आणि तिने उद्यापासून काम बंद केलं, तरी जुन्या पेपरची सायटेशन वाढत राहून तो सातावर जाऊ शकेल. एच-इंडेक्स कधीच खाली येत नाही. निवृत्तांचाही वाढतो, दिवंगतांचाही. पस्तिशीतल्या आणि साठीतल्या माणसाची या आकड्यावरून तुलना करणं म्हणजे कालवडीची आणि सहा वेत झालेल्या गाईची एकूण दुधावरून तुलना करणं.

प्रोटिऑमिक्सकडे वळण्याआधी एक प्रश्न. जगात सर्वाधिक सायटेशन मिळालेला पेपर कोणता असेल? सापेक्षता? डीएनएची दुहेरी गुंडाळी? दोन्ही नाहीत. ‘नेचर’ने २०१४ मध्ये वेब ऑफ सायन्स या सायटेशनच्या नोंदवहीवरून पहिल्या शंभर पेपरची यादी केली. तिच्या शेंड्यावर होता ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा पेपर, तीन लाखांवर सायटेशन मिळालेला. विषय: द्रावणात प्रथिनं किती आहेत हे कसं मोजावं. दुसऱ्या क्रमांकावर उलरिख लेम्ली यांचा १९७० चा, तिसऱ्यावर मॅरियन ब्रॅडफर्ड यांचा १९७६ चा. हे दोन्हीही प्रथिनांचेच. लेम्लींच्या पेपरमुळे जेलमध्ये प्रथिनं आकारानुसार वेगळी करण्याची पद्धत घरोघर, म्हणजे प्रयोगशाळोप्रयोगशाळी गेली. ब्रॅडफर्ड यांनी निळ्या कुमासी रंगाने प्रथिनं मोजण्याची झटपट रीत दिली. हा रंग मुळात लोकरीचा आणि त्याचं नाव घानामधल्या कुमासी शहरावरून आलेलं.

म्हणजे विज्ञानातले पहिले तीन मानकरी निघाले प्रथिनं मोजण्या-चाळण्याच्या पाककृती. जीवशास्त्राच्या हजारो प्रयोगशाळांत रोज कुणीतरी प्रथिनं मोजत असतं आणि पेपर लिहिताना ‘प्रथिनांचं प्रमाण लाउरी यांच्या पद्धतीने काढलं’ ही एक ओळ घालतं. त्या ओळीने खात्यात एक जमा. स्वतः लाउरी यांनी एका पत्रात कबूल केलं होतं की हा काही थोर पेपर नाही, पण त्याला मिळणारा प्रतिसाद बघून मनातल्या मनात मजा वाटते. लेम्लींचं तर आणखीच नवल. त्यांच्या पेपरचा मूळ विषय होता टी-४ नावाच्या, जिवाणूंना खाणाऱ्या विषाणूचं डोकं कसं जुळतं हा. लाखो लोकांनी त्याचा दाखला दिला तो विषाणूसाठी नव्हे, जेलसाठी. पाहुण्यांनी भाजीचं नाव काढू नये आणि कढईचा पत्ता विचारत राहावं, तसं.

तेव्हा पहिली खूणगाठ: पद्धत सांगणाऱ्या पेपरला सायटेशन धो-धो मिळतात. आढावा घेणाऱ्या लेखालाही मिळतात, कारण शंभर जुने पेपर वाचण्यापेक्षा एका आढाव्याचं नाव घालणं सोपं. आणि गोठ्यात सहा महिने घालवून काढलेल्या एका नेमक्या निष्कर्षाला बरेचदा बारा-पंधरावर समाधान मानावं लागतं.

आता ते काम प्रत्यक्षात कसं असतं ते जवळून पाहू, म्हणजे ‘आउटपुट’ या कोरड्या शब्दात काय काय भरलेलं आहे ते कळेल.

‘प्रोटिओम’ हा शब्द १९९४ मध्ये मार्क विल्किन्स या ऑस्ट्रेलियातल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याने इटलीतल्या सिएना इथल्या परिषदेत मांडला. जीनोम म्हणजे जनुकांचा संपूर्ण संच, तसा प्रोटिओम म्हणजे प्रथिनांचा. फरक मोठा आहे. गाईचा जीनोम तिच्या जन्मापासून मरेपर्यंत जवळपास तोच. प्रोटिओम मात्र तासागणिक बदलतो. ताप आला, व्यायली, चारा बदलला, कास सुजली, की प्रथिनांची यादी आणि त्यांचं प्रमाण हलतं. आजार ओळखायचा तर हे हलणंच कामाचं.

ग्लासगो विद्यापीठातले डेव्हिड एकरसॉल हे या विषयातलं ठळक नाव. पशुवैद्यकीय जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक. त्यांचा आवडीचा प्रांत म्हणजे ‘अक्यूट फेज’ प्रथिनं. शरीरात कुठे जंतुसंसर्ग किंवा सूज आली की यकृत आणि इतर काही अवयव घाईघाईने जी प्रथिनं रक्तात सोडतात ती. त्यातलं हॅप्टोग्लोबिन गाईच्या बाबतीत फार बोलकं आहे. निरोगी गाईच्या रक्तात ते जवळपास नसतंच आणि संसर्ग झाला की शंभर पटींहून अधिक चढतं. माणसाचं असं नाही. त्याच्या रक्तात ते एरवीही भरपूर असतं. म्हणजे माणसाच्या डॉक्टरला जे प्रथिन फार काही सांगत नाही, ते गुरांच्या डॉक्टरसाठी धोक्याची घंटा. माणसावरचं संशोधन जसंच्या तसं गोठ्यात नेता येत नाही ते यामुळेच.

२००१ मध्ये एकरसॉल आणि सहकाऱ्यांनी कासदाह झालेल्या गाईंच्या रक्तात आणि दुधात ही प्रथिनं मोजून दाखवली. पुढे २०१६ मध्ये त्यांच्या ग्लासगोच्या गटाने एका प्रयोगावर तीन पेपर काढले आणि त्याला नावही झकास दिलं: मास्टायटोमिक्स. मास्टायटिस म्हणजे कासदाह, आपल्याकडची दगडी. सहा गाईंच्या कासेत स्ट्रेप्टोकॉकस युबेरिस हा जंतू मुद्दाम सोडला होता. संसर्गाआधी, मग ३६, ४२, ५७, ८१ आणि ३१२ तासांनी, अशा सहा वेळा दुधाचे नमुने घेतले.

दुधात प्रथिनं शोधण्यातली अडचण अशी की दुधातली बहुतेक प्रथिनं मूठभर जातींचीच असतात. गाईच्या दुधातल्या प्रथिनांत सुमारे ऐंशी टक्के केसिन. जत्रेच्या गर्दीत एक चोर शोधायचा असेल तर आधी गर्दी हटवावी लागते. म्हणून केसिन बाजूला काढून निवळीवर काम करायचं. त्यातल्या प्रथिनांना ट्रिप्सिन नावाचं विकर घालायचं. हे विकर लायसिन आणि अर्जिनिन या दोन अमिनो आम्लांनंतरच कात्री चालवतं, त्यामुळे तुकडे कुठे पडणार हे आधीच ठाऊक असतं. या तुकड्यांना, म्हणजे पेप्टाइडना, विद्युतभार देऊन मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये उडवायचं आणि त्यांचं वस्तुमान मोजायचं. मग संगणकाला विचारायचं, गाईच्या कोणत्या प्रथिनाचा तुकडा एवढ्या वजनाचा भरेल?

त्या प्रयोगात २,५५२ पेप्टाइड ओळखले गेले आणि त्यांवरून ५७० प्रथिनांचं कमी-जास्त प्रमाण काढता आलं. आकडेवारी मांडल्यावर ३६ आणि ४२ तासांचं दूध एका घोळक्यात आलं, ५७ आणि ८१ तासांचं दुसऱ्या. आणि ३१२ व्या तासाचं, म्हणजे तेराव्या दिवसाचं दूध परत संसर्गाआधीच्या दुधाशेजारी जाऊन बसलं. गाई सावरल्या होत्या. हे वैद्याने कासेला हात लावून सांगितलेलं नव्हतं, प्रथिनांच्या यादीने सांगितलं होतं.

आता एक प्रश्न उभा राहतो. सहा गाई, एक प्रयोग आणि पेपर तीन. एका भाकरीचे तीन तुकडे करून तीन भाकऱ्या म्हणायचं का? असा प्रकार चालतो, सर्रास चालतो. पण इथे मला तसं वाटत नाही. एक पेपर मुबलक प्रथिनं आणि अक्यूट फेज प्रथिनांचा, दुसरा वर सांगितलेल्या ५७० प्रथिनांचा, तिसरा दुधातल्या छोट्या रेणूंचा. प्रत्येकाचं यंत्र, पद्धत आणि करणारे हात थोडे वेगळे. तिन्ही एकात कोंबले असते तर वाचणाऱ्याची दमछाक झाली असती. नुसता पेपरचा आकडा पाहणाऱ्याला हा फरक दिसण्याची सोय नाही. त्याच्या लेखी तीन म्हणजे तीन.

वर ‘गाईच्या कोणत्या प्रथिनाचा तुकडा’ असं लिहिलं त्यात एक मोठं घबाड लपलेलं आहे. गाईच्या प्रथिनांची यादी आली कुठून? ती मुख्यतः गाईच्या जीनोमवरून. तो २००९ मध्ये जाहीर झाला आणि त्यासाठी निवडलेली गाय होती अमेरिकेतल्या मोंटानामधली हेरफर्ड जातीची, एल-१ डोमिनेट ०१४४९. सुमारे २२ हजार जनुकं मोजली गेली. ही यादी नव्हती तेव्हा गुरांवर प्रोटिऑमिक्स करणाऱ्यांना माणसाच्या किंवा उंदराच्या यादीशी ताडून बघावं लागायचं, म्हणजे दुसऱ्याच्या गावच्या मतदार यादीत आपल्या शेजाऱ्याचं नाव शोधणं. खिल्लार, डांगी, देवणी, लाल कंधारीवर कुणी असं काम करायला घेतलं तरी ताडणीचा आधार बहुतेक वेळा डोमिनेटचाच. यंत्र तेच, रसायनं तीच, पण यादी अपुरी. उत्तरं कमी मिळतात, पेपर छोट्या नियतकालिकात जातो, सायटेशनही त्याच बेताची मिळतात. संशोधकाचा यात दोष काय?

शिवेवरच्या माणसाची उंची म्हटलं होतं, ते आता.

मानवी प्रोटिऑमिक्समध्ये जर्मनीतले मात्थियास मान यांचा एच-इंडेक्स गूगल स्कॉलरवर दोनशेच्या पुढे आहे. त्यांचे गुरू जॉन फेन यांना २००२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, मोठे रेणू न मोडता वाफेत उडवण्याच्या तंत्रासाठी. त्या तंत्रावरच्या १९८९ च्या पेपरवर मान यांचंही नाव आहे. पुढे यर्गन कॉक्स यांच्याबरोबर त्यांनी २००८ मध्ये मॅक्सक्वांट हे सॉफ्टवेअर मांडलं. जगात कुणीही, कर्करोगावर असो की कोंबडीच्या अंड्यावर, मास स्पेक्ट्रोमीटरचा डेटा त्यातून काढला की त्या पेपरचं नाव घालतो. हा लाउरींचाच वारसा: पद्धतीचा पेपर, मोठी गर्दी.

आता दुधातल्या प्रथिनांवर काम करणाऱ्या पशुवैज्ञानिकाला या रांगेत उभं करा. तो बुटका दिसेल. त्यालाच पशुवैद्यकाच्या रांगेत उभं करा, खांदा सगळ्यांच्या वर. कारण साधं आहे. माणसाच्या आजारांवर काम करणारे अफाट, म्हणून एकमेकांचे दाखले देणारेही अफाट. पशुवैद्यकात माणसं कमी, पेपर कमी आणि कामाची गतीही संथ. गाभण गाईवरचा प्रयोग ती व्यायल्याशिवाय संपत नाही. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे नियतकालिकातल्या पेपरना सरासरी किती सायटेशन मिळाली तो आकडा, तर पेपर छापल्यानंतरच्या दोनच वर्षांतली सायटेशन मोजतो. त्यामुळे पशुवैद्यकातल्या चांगल्या नियतकालिकांचाही इम्पॅक्ट फॅक्टर दोन-तीन-चारच्या घरात घुटमळतो आणि ‘नेचर’चा पन्नासच्या आसपास. हा आकडा नियतकालिकाच्या सरासरीचा आहे, त्यातल्या एकेका पेपरचा नव्हे, हे किती वेळा सांगितलं तरी नेमणुकीच्या अर्जांत तो पेपरच्या नावापुढे लिहिलेला असतोच.

यावर उपाय म्हणून विषयानुसार समतल केलेले आकडे काढतात. त्याच वर्षी त्याच विषयात निघालेल्या पेपरना सरासरी किती सायटेशन मिळाली ते पाहायचं आणि आपल्या पेपरच्या सायटेशनना त्याने भागायचं. १ आलं म्हणजे सरासरी, २ म्हणजे दुप्पट. समजा दगडीवरच्या एका पेपरला ३० सायटेशन आहेत. पशुवैद्यकाची सरासरी १० धरली तर उत्तर ३, म्हणजे घसघशीत. जीवरसायनशास्त्राची सरासरी ३० धरली तर उत्तर १, म्हणजे चारचौघांसारखा. पेपर तोच, गाय तीच. विषय ठरतो तो बहुधा नियतकालिक कोणत्या खान्यात नोंदलं आहे त्यावरून. मास्टायटोमिक्सचे तिन्ही पेपर रसायन-जीवशास्त्राच्या नियतकालिकात आले होते. एकरसॉल आणि बेल यांचा २०१० चा अक्यूट फेज प्रथिनांवरचा आढावा ‘व्हेटरनरी जर्नल’मध्ये आला. तो या विषयात सतत उद्धृत होणाऱ्या लेखांपैकी एक आहे. आढावा आणि पशुवैद्यकाचा खाना, दोन्ही पथ्यावर पडणारे योग. लेख उत्तम आहेच, पण आकडा का फुगला हे समजण्यासाठी तो का वाचला जातो एवढंच पाहून भागत नाही.

आकड्यांत न मावणारी माणसं सांगितल्याशिवाय हा विषय सोडवत नाही. फेन यांच्याबरोबर २००२ मध्ये नोबेल मिळालेले कोइची तानाका हे क्योटोच्या शिमाद्झु कंपनीतले इंजिनिअर. वय ४३, पीएचडी नाही, नावावर पेपर मोजकेच. प्रथिनांसारखा मोठा रेणू लेझरने न फोडता उडवता येतो हे त्यांनी दाखवलं. एच-इंडेक्स पाहून माणसं निवडणाऱ्या समितीने त्यांचा अर्ज पहिल्याच चाळणीत बाजूला ठेवला असता.

दुसरं नाव वॉल्टर प्लोराइट. बुळकांडी (इंग्रजीत रिंडरपेस्ट) हा शब्द आज गावातल्या तरुणांना कळणारही नाही. आजीच्या शिव्यांत तेवढा उरला असेल. पण या रोगाने गोठेच्या गोठे ओस पडत. देशातल्या गुरांच्या रोगांसाठी इंग्रजांनी ‘इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ काढली, ती १८८९ मध्ये आपल्या पुण्यात. १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ती हीच. बुळकांडी हा तिथला मोठा विषय होता. प्लोराइट यांनी केनियात पेशींवर विषाणू वाढवत वाढवत सौम्य केला आणि स्वस्त, भरवशाची लस दिली. भारत २००६ मध्ये बुळकांडीमुक्त ठरला. २०११ मध्ये जगातून रोग हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसून टाकलेला हा दुसराच रोग.

आणि रोगच संपला की त्यावर काम करणारे संपतात, पेपर आटतात, दाखलेही आटतात. काम अर्धवट राहिलं असतं तर प्लोराइट यांच्या खात्यावर आज जास्त सायटेशन पडत असती.

आता थोडं नावांबद्दल. पेपरवर दहा-बारा नावं असतात. जीवशास्त्रात रिवाज असा की पहिलं नाव प्रत्यक्ष राबणाऱ्याचं, शेवटचं प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं. मध्ये कोण? पहाटे गोठ्यात जाऊन, पहिल्या धारा सोडून, नळीत दूध धरून, बर्फात घालून धावत येणारा पशुवैद्य बहुधा मध्येच. सायटेशन मात्र बाराही जणांच्या खात्यावर अख्खी जमा होते, वाटून नाही. त्यामुळे पाच वर्षांत शंभर पेपर दिसले तर माणूस काम कोणत्या जागेवरून करतोय ते बघा: पहिल्या, शेवटच्या, की मधल्या.

मराठी नावांचं दुखणं वेगळं. ‘एस. पाटील’ या नावाने शोधा. मुंबईच्या परळमधला, नागपूरचा, अमेरिकेतल्या आयोवामधला, सगळे एकाच पंगतीत. कुणाच्या खात्यावर भलत्याचेच पेपर चढलेले, आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंचे निम्मे पेपर माहेरच्या नावावर राहून गेलेले. २०१२ पासून ऑर्किड नावाचा सोळा अंकी ओळख क्रमांक मिळतो, तो यासाठीच. फुकट आहे, पाच मिनिटांचं काम. तरी मंडळी काढत नाहीत.

लबाडीचंही सांगायला हवं, आणि तिथे मांजरं येतात. १९७५ मध्ये मिशिगनमधल्या जॅक हेदरिंग्टन यांनी एकट्याने लिहिलेल्या भौतिकशास्त्राच्या पेपरमध्ये सगळीकडे ‘आम्ही’ लिहिलं होतं. नियतकालिकाला एकट्या लेखकाचं ‘आम्ही’ चालत नसे. टाइपरायटरचे दिवस, सगळं परत कोण बडवणार? त्यांनी आपल्या चेस्टर या सयामी बोक्याला एफ. डी. सी. विलार्ड नाव देऊन सहलेखक केलं. पेपर छापून आला आणि गाजलाही. तो विनोद होता. २०२४ मध्ये दोन संशोधकांनी लॅरी नावाच्या बोक्याच्या नावावर बारा खोटे पेपर चढवले आणि त्यांचा दाखला देणारे आणखी खोटे पेपर अपलोड केले. गूगल स्कॉलरने सगळे मुकाट्याने मोजले: १३२ सायटेशन, एच-इंडेक्स ११. सायटेशन विकणाऱ्या दुकानांचा धंदा किती सोपा आहे हे त्यांना दाखवायचं होतं.

आपल्याकडे पेपरच्या संख्येवर बढतीचे गुण द्यायला लागल्यावर काय झालं ते कॉलेजात शिकवणाऱ्या कुणालाही विचारा. पुण्यातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिलं की यूजीसीच्या मान्य यादीत विद्यापीठांमार्फत शिरलेल्या, त्यांनी तपासलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्के सुमार असू शकतात. त्याच वर्षी यूजीसीने चार हजारांवर नियतकालिकं यादीतून काढली.

मग एखाद्याचं पान वाचायचं कसं? मी उजवीकडचे आकडे शेवटी पाहतो. आधी पेपरची यादी सायटेशनच्या क्रमाने लावतो. वरचे पाच कोणत्या जातीचे आहेत: पद्धत, आढावा, की स्वतःचा शोध? त्यांत या माणसाचं नाव कितवं? मग क्रम बदलून वर्षानुसार लावतो. अलीकडे काम थांबलंय की चालू आहे ते कळतं. गूगल स्कॉलर प्रबंधापासून अप्रकाशित मसुद्यापर्यंत सगळं मोजतो, म्हणून त्याचा आकडा वेब ऑफ सायन्स किंवा स्कोपस या निवडक नोंदवह्यांपेक्षा बहुधा मोठा. एकीचा इथला आणि दुसऱ्याचा तिथला आकडा शेजारी ठेवून चालत नाही. आणि खरा वेळ घालवतो तो एका ठिकाणी. एखाद्या पेपरखालच्या सायटेशनच्या आकड्यावर टिचकी मारतो, दाखला देणारे चार-पाच पेपर उघडतो आणि नाव नेमकं कोणत्या वाक्यात घेतलंय ते शोधतो. प्रस्तावनेतल्या सात नावांच्या ओळीत असेल तर पुढे जायचं. ‘अमुक यांनी सुचवलेलं प्रथिन आम्ही आमच्या मेंढ्यांच्या कळपात तपासलं’ असं असेल तर चहा ठेवून तो पेपर पुरता वाचायचा.

काही काम मात्र इतकं मुरतं की त्याचं नावच निघत नाही. दगडी ओळखण्याची सगळ्यात स्वस्त चाचणी म्हणजे चार वाट्यांचं प्लॅस्टिकचं पॅडल. प्रत्येक सडाच्या दोन-दोन धारा एकेका वाटीत घ्यायच्या, साबणासारखं द्रावण ओतायचं, गोल फिरवायचं. पेशी जास्त असतील तर त्या वाटीतलं दूध शेंबडासारखं दाटतं. ही रीत शाल्म आणि नूरलँडर यांनी कॅलिफोर्नियात १९५७ मध्ये छापली. आज पहाटे ज्याने पॅडल फिरवलं त्याने त्यांचं नाव ऐकलेलं नाही. मागच्या उजव्या वाटीत दूध दाटलेलं दिसलं तेव्हा त्याने त्या सडाचं दूध वेगळ्या भांड्यात पिळलं, डॉक्टरांना फोन लावला आणि बाकीचा कॅन गाडीला अडकवून डेअरीकडे निघाला.